पेंटियम ४ च्या जुन्या संगणकाला कोणता डीव्हीडी रायटर चालेल?

तुमच्याकडे २००३-०४ च्या सुमारास जोडून घेतलेला पेंटियम ४ संगणक आहे. त्यावर विंडोज एक्सपी आहे, ५१२ एमबी रॅम आणि ८० जीबीची हार्ड डिस्क आहे, आणि त्यातला मूळचा सीडी रायटर बंद पडला आहे. घरातल्या लग्नामुंजींच्या मिनीडीव्ही कॅसेट फायरवायर (कॅमेरा जोडण्याच्या) कार्डावरून याच संगणकात उतरवता येतात; नव्या लॅपटॉपला ती सोयच नाही, म्हणून हाच संगणक चालता ठेवून त्यावर डीव्हीडी तयार करायच्या आहेत. दुकानात मात्र साटा (पातळ केबलच्या नव्या पद्धतीच्या) जोडणीचा इंटर्नल रायटर किंवा यूएसबीवर चालणारा पातळ एक्स्टर्नल रायटर एवढेच दोन पर्याय दाखवले गेले. त्यांतला कोणता चालेल आणि खोक्यावर २४एक्स लिहिलेला रायटर मुद्दाम घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

दोन्ही चालू शकतील आणि दोन्ही फसूही शकतील. ते रायटरवर नव्हे, तर तुमच्या मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावर ठरते. म्हणून दुकानात जाण्याआधी कॅबिनेटची एक बाजू उघडून आत काय आहे ते पाहा. बोर्डावर साटाची पोर्ट असतील तर साटाचा नवा रायटर घ्यावा. फक्त आयडीई (रुंद चपट्या केबलची जुनी जोडणी) असेल तर माझ्या मते तपासून घेतलेला वापरलेला आयडीई रायटर पहिला, कन्व्हर्टर (एका जोडणीचे उपकरण दुसरीला जोडणारी पट्टी) लावून साटाचा रायटर दुसरा आणि यूएसबीचा रायटर तिसरा, असा पसंतीचा क्रम लावावा. यूएसबी २.० नसेल तर तिसरा पर्याय बादच करावा.

आधी वेगाचा प्रश्न निकालात काढू, कारण बहुतेक लोक तिथेच पैसे वाया घालवतात. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी. सीडीचा १एक्स म्हणजे फक्त १५० केबी, त्यामुळे सीडी रायटरवरचा ५२ हा आकडा आणि डीव्हीडी रायटरवरचा १६ हा आकडा एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. ८एक्सला सेकंदाला सुमारे ११ एमबी आणि १६एक्सला सुमारे २२ एमबी माहिती रायटरपर्यंत अखंड पोचावी लागते. त्यातही १६एक्सचा वेग पूर्ण डिस्कभर मिळत नाही. डिस्क एकाच गतीने फिरत असल्यामुळे आतल्या कडेला लेखन सहा-सात एक्सच्या आसपास सुरू होते आणि बाहेरच्या कडेला पोचल्यावरच सोळाचा आकडा गाठला जातो. परिणामी पूर्ण भरलेली डीव्हीडी ८एक्सने लिहायला साधारण आठ ते दहा मिनिटे आणि १६एक्सने सहाच्या आसपास मिनिटे लागतात. दुकानात मिळणाऱ्या कोऱ्या डीव्हीडी सर्वसाधारणपणे १६एक्सपर्यंतच्याच असतात. तासाभराची कॅसेट उतरवायला एक तास आणि तिचे डीव्हीडीच्या स्वरूपात रूपांतर करायला पेंटियम ४ वर त्याहून अधिक वेळ लागणार असताना शेवटची तीन मिनिटे वाचवण्यासाठी २४एक्सचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. हल्लीचे साटाचे इंटर्नल रायटर सहसा २४एक्सचेच मिळतात, तेव्हा तो घ्यायला हरकत नाही. त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये, इतकेच.

आता बोर्ड कसा ओळखावा ते सांगतो. आयडीईचे पोर्ट लांबट असते, त्यात पिनांच्या दोन रांगा आणि एकूण ४० पिनांच्या जागा असतात, आणि त्यातून रुंद चपटी केबल निघते. साटाचे पोर्ट नखाएवढे लहान, सात संपर्कांचे आणि इंग्रजी एल अक्षरासारख्या खाचेचे असते. कॅबिनेट उघडायचे नसेल तर एक्सपीच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरच्या नोंदीत चिपचा क्रमांक दिसतो. इंटेलच्या बोर्डांत आयसीएच नावाची चिप ही पोर्ट सांभाळते: ८२८०१बीए म्हणजे आयसीएच२, ८२८०१डीबी म्हणजे आयसीएच४ आणि ८२८०१ईबी म्हणजे आयसीएच५. हा क्रमांक कळला की निम्मे उत्तर हाती येते. आयसीएच२ असलेल्या जुन्या ८४५ बोर्डांवर फक्त आयडीई आणि यूएसबी १.१ आहे, २००२ मध्ये आलेल्या ८४५जी किंवा ८४५ई यांसारख्या बोर्डांवर आयसीएच४ असल्यामुळे यूएसबी २.० आले, पण साटा नाही. आणि २००३ मध्ये आलेल्या ८६५ मालिकेच्या बोर्डांवर आयसीएच५ असल्यामुळे आयडीईबरोबर साटाची दोन पोर्टही मिळतात. तुमचा संगणक नेमका या सीमारेषेवरच्या काळातला आहे, म्हणून अंदाजाने खरेदी करू नका. बोर्डावर व्हाया किंवा एसआयएस कंपनीची चिप असेल तर सरळ पोर्ट डोळ्यांनी पाहावीत.

बोर्ड ८६५ चा निघाला तर साटाचा नवा इंटर्नल रायटर लावणे सर्वांत सोपे आहे. मात्र त्यात दोन-तीन गोष्टी आड येऊ शकतात. पहिली बायॉसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमधली. आयसीएच५ असलेल्या बोर्डांत साटा कोणत्या रीतीने चालवायचे याची निवड असते. कंपॅटिबल किंवा लेगसी या रीतीत साटाची पोर्ट आयडीईच्या एका चॅनेलची (एका केबलच्या जोडणीची) जागा घेतात, आणि त्या चॅनेलवर काही जोडलेले असेल तर ते दिसेनासे होते. एक्सपीसाठी एन्हान्स्ड ही निवड करावी, म्हणजे दोन्ही एकाच वेळी दिसतात. दुसरी गोष्ट अशी, की त्या काळातल्या काही बोर्डांवर साटाची जादा पोर्ट वेगळ्या रेड (अनेक हार्ड डिस्क एकत्र चालवणाऱ्या) चिपवर दिलेली असत. अशी पोर्ट पुष्कळदा हार्ड डिस्कच ओळखतात, रायटर लावला तर तो दिसत नाही किंवा त्यातल्या डिस्कवरून संगणक सुरू (बूट) होत नाही. म्हणून आयसीएच५ ची मूळ पोर्ट कोणती, हे बोर्डाच्या पुस्तिकेत पाहून रायटर तिथेच लावावा.

तिसरी गोष्ट वीजपुरवठ्याची. त्या काळच्या एसएमपीएसला (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटाचा १५ संपर्कांचा पॉवर कनेक्टर बहुधा नसतो. चार पिनांचे मोठे मोलेक्स कनेक्टर असतात. मोलेक्समधून साटा पॉवर काढणारी छोटी केबल स्वस्तात मिळते आणि तिच्यातून ३.३ व्होल्ट येत नसले तरी रायटरला ५ आणि १२ व्होल्ट एवढेच लागत असल्याने अडत नाही. पण ही केबल पाहून घ्या. ज्यात तारा प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात, त्या साच्यातल्या स्वस्त केबलींत आतल्या तारा एकमेकींना टेकून त्या वितळल्याची, जळाल्याची उदाहरणे आहेत. ज्यात प्रत्येक तार स्वतंत्र दिसते आणि मागची टोपी उघडता येते, ती केबल घ्यावी. एसएमपीएसच वीस वर्षांचा असेल आणि त्याचा पंखा अडखळत फिरत असेल, तर रायटरच्या आधी तो बदलावा. लेखन चालू असताना रायटर दोन्ही व्होल्टेजवर बऱ्यापैकी प्रवाह ओढतो; थकलेल्या एसएमपीएसचे व्होल्टेज त्या क्षणी खाली आले की डिस्क वाया जाते आणि दोष मात्र रायटरला दिला जातो.

बोर्डावर फक्त आयडीई असेल तर थोडे अधिक काम आहे. आयडीईचे डीव्हीडी रायटर आता नवे बनत नाहीत, पण वापरलेले अजून मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुने संगणक सोडवून भाग विकणाऱ्यांकडे विचारून पाहावे. पायोनियर, एलजी, लाइट-ऑन, सॅमसंग, सोनी किंवा एनईसी यांपैकी कोणताही चालेल. नावापेक्षा त्या विशिष्ट नगाची प्रकृती पाहावी. रायटरवरच्या चिठ्ठीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. २००६-०७ नंतरचा घेतल्यास बहुधा त्याला प्लस आणि मायनस (डीव्हीडी+आर आणि डीव्हीडी-आर) दोन्ही प्रकारच्या डिस्क लिहिता येतात. २००२ च्या आधीचे रायटर एकाच प्रकारच्या डिस्क लिहीत, ते टाळावेत.

वापरलेला रायटर दुकानातच चालवून पाहण्याचा आग्रह धरा, आणि नुसता ट्रे उघडतो-मिटतो एवढ्यावर समाधान मानू नका. रायटरमध्ये सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन वेगळे लेझर असतात. एक उत्तम चालत असताना दुसरा संपलेला असू शकतो. त्यामुळे सीडी वाचली म्हणून डीव्हीडी वाचेलच असे नाही, आणि डीव्हीडी वाचली म्हणून लिहिता येईलच असेही नाही, कारण लिहिताना लेझरला वाचनापेक्षा कित्येक पट अधिक शक्ती लागते आणि वयामुळे प्रथम तीच कमी होते. एक पुनर्लेखनाची डीव्हीडी बरोबर न्या, ती काठोकाठ भरून लिहून घ्या आणि लगेच दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हवर ती शेवटपर्यंत कॉपी होते का ते पाहा. अर्धी भरलेली डिस्क ही परीक्षा नव्हे. दुबळा रायटर चुका करतो त्या बाहेरच्या कडेला. ट्रे अडकत असेल तर तो दोष मात्र क्षुल्लक समजावा. आतला रबरी पट्टा कडक झालेला असतो, तो बदलता येतो.

घरी आणल्यावर जोडणी नीट करणे हे या साऱ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. रायटर सेकंडरी, म्हणजे दुसऱ्या आयडीई चॅनेलवर एकटा, मास्टर (केबलवरचे पहिले उपकरण) म्हणून लावावा आणि हार्ड डिस्क प्रायमरीवर राहू द्यावी. आयडीईच्या एका केबलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. दोन्ही एकाच केबलवर लावली तर डिस्कवरून वाचायचे आणि रायटरला द्यायचे अशी सतत आलटापालट होते. मागच्या बाजूला एमए, एसएल आणि सीएस अशी अक्षरे असतात. तिथला जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) एमए या जागी ठेवावा. केबल ८० तारांची घ्यावी. तिची टोके ४० पिनांचीच असतात, पण तारा बारीक आणि दुप्पट असतात. निळे टोक बोर्डाला, काळे मास्टरला आणि राखाडी स्लेव्हला हा तिचा ठरलेला क्रम आहे. काही रायटर यूडीएमए (अल्ट्रा डीएमए) या माहिती वाहण्याच्या पद्धतीच्या मोड २ वर, म्हणजे सेकंदाला ३३ एमबीने चालतात आणि तेवढ्याला ४० तारांची जुनी केबलही तत्त्वतः पुरते. पण मोड ४ च्या ६६ एमबीला ८० तारांचीच लागते, आणि वीस वर्षे दुमडून राहिलेल्या जुन्या केबलीवर भरवसा ठेवू नये.

त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनेलच्या गुणधर्मांत, अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये सध्याचा मोड काय लिहिला आहे ते वाचा. तिथे अल्ट्रा डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता माहिती वाहण्याची पद्धत) दिसले पाहिजे. पीआयओ (प्रोसेसरमार्फत माहिती वाहण्याची जुनी, संथ पद्धत) दिसत असेल तर रायटर कितीही चांगला असो, लेखन रखडत चालेल, त्या वेळात माऊसचा बाणसुद्धा अडखळेल आणि प्रोसेसर सगळा वेळ माहिती वाहण्यातच गुंतून पडेल. माझ्याकडे "रायटर खराब आहे" म्हणून आलेल्या अनेक जुन्या संगणकांत खरा दोष हाच निघतो. एक्सपीची रीत अशी आहे, की एखाद्या उपकरणाशी डीएमए व्यवहार सहाहून अधिक वेळा अडला तर ते उपकरण पीआयओवर उतरवले जाते आणि पुढे कारण दूर झाले तरी आपोआप वर चढवले जात नाही. ओरखडे पडलेली एखादी सीडी हट्टाने वाचायला लावली तरी असे होऊ शकते. तुमच्या जुन्या सीडी रायटरच्या शेवटच्या दिवसांत हे घडून गेले असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्याच चॅनेलवर नवा रायटर लावला म्हणजे ते सुटेलच असे नाही. केबल बदलावी, मग डिव्हाइस मॅनेजरमधून तो सेकंडरी चॅनेल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा. एक्सपी तो चॅनेल नव्याने शोधते आणि बहुतेक वेळा अल्ट्रा डीएमए परत मिळते.

चांगला वापरलेला रायटर मिळालाच नाही तर साटाचा नवा रायटर आणि कन्व्हर्टर हा मार्ग आहे. विकत घेताना दिशा स्पष्ट सांगा, कारण दिसायला सारखे असे दोन प्रकार मिळतात. आपल्याला आयडीईच्या बोर्डाला साटाचे उपकरण जोडायचे आहे. उलट प्रकार, म्हणजे साटाच्या बोर्डाला आयडीईचे उपकरण जोडणारा, इथे निरुपयोगी आहे. काही कन्व्हर्टरवर दिशा बदलण्याचा जम्पर असतो, ते उत्तम. कन्व्हर्टरला स्वतःची वीज लागते आणि ती फ्लॉपीच्या छोट्या चार पिनांच्या कनेक्टरवरून घेतली जाते. कन्व्हर्टर चॅनेलवर एकटाच, मास्टर म्हणून ठेवावा. बोर्डावरच्या पीसीआय खाचेत (जादा कार्डांच्या जागेत) बसणारे साटा कार्ड हा आणखी एक उपाय आहे. पीसीआयची १३३ एमबीची मर्यादा रायटरला भरपूर आहे, परंतु काही कार्डे ऑप्टिकल ड्राइव्ह ओळखत नाहीत आणि बहुतेकांवरून बूट होत नाही. बदलून देण्याची हमी नसेल तर मी ते कार्ड सुचवणार नाही.

यूएसबीचा पातळ रायटर दुकानदार सर्वांत आधी पुढे करतो, कारण तो लावायला काहीच उघडावे लागत नाही. लॅपटॉपवरही वापरायचा असेल तर तो सोयीचा आहे. पण दोन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. पोर्ट यूएसबी २.० चे हवे आणि एक्सपीवर किमान सर्व्हिस पॅक १ हवा, कारण यूएसबी २.० ची सोय एक्सपीला त्यातून मिळाली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबीच्या यादीत एन्हान्स्ड हा शब्द असलेला कंट्रोलर दिसत असेल तर पोर्ट २.० चे आहे. यूएसबी १.१ ची कमाल मर्यादा सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे दीड एमबी, आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी मिळते. म्हणजे डीव्हीडीच्या १एक्सलाही ती पुरत नाही. बफर (लिहिण्याआधी माहिती थोडी साठवण्याची जागा) रिकामे पडले तरी डिस्क वाया जाऊ नये अशी सोय आजच्या रायटरांत असते, तरी शेकडो ठिकाणी थांबून पुन्हा जुळवलेले लेखन जुन्या टीव्ही प्लेअरवर नीट चालेल अशी खात्री मी देणार नाही.

दुसरी अट विजेची आहे. यूएसबी २.० च्या एका पोर्टवरून ५०० मिलीअँपिअर एवढाच प्रवाह मिळणे अपेक्षित आहे, आणि पातळ रायटरची मागणी लेखनाच्या सुरुवातीला त्याहून वर जाऊ शकते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टना आतून लांब, बारीक तारांनी जोडलेले असते, तिथे व्होल्टेज आणखी पडते. रायटर मागच्या, थेट बोर्डावरच्या पोर्टमध्येच लावावा आणि दोन पोर्टमधून वीज घेणारी दुहेरी केबल मिळत असेल तर ती वापरावी. रायटर आणि पोर्ट यांच्यामध्ये हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारे उपकरण) आणू नये. स्वतःचा अॅडॅप्टर असलेला मोठ्या आकाराचा एक्स्टर्नल रायटर मिळाला तर तो जुन्या संगणकाला अधिक चांगला. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवा: त्या काळच्या अनेक बायॉसना यूएसबीच्या ऑप्टिकल ड्राइव्हवरून बूट करता येत नाही. उद्या एक्सपी पुन्हा टाकायची वेळ आली तर आतला रायटरच उपयोगी पडेल, आणि मी आतल्या रायटरला प्राधान्य देतो त्याचे मुख्य कारण हेच आहे. विंडोज ९८ वर तर यूएसबी ड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो, तुम्हाला तो प्रश्न नाही.

ओघात लॅपटॉपबद्दल एवढेच, की तिथे पातळ आयडीई आणि पातळ साटा असे दोन वेगळे कनेक्टर, १२.७ आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाड्या आणि पुढच्या पट्टीचे असंख्य आकार असतात. जुना ड्राइव्ह काढून दुकानात बरोबर नेल्याशिवाय नवा घेऊ नये.

आता सॉफ्टवेअर. एक्सपीला डीव्हीडी रायटरसाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, तो लावताच माय कॉम्प्युटरमध्ये दिसतो. परंतु एक्सपीची स्वतःची लेखनाची सोय सीडीपुरती आहे. विंडोजमधूनच डीव्हीडी लिहिता येणे हे व्हिस्टापासून सुरू झाले. त्यामुळे वेगळा प्रोग्रॅम हवाच. जुन्या रायटरबरोबर मिळालेली निरो या लेखनाच्या प्रोग्रॅमची प्रत त्याच कंपनीच्या रायटरशी बांधलेली असे, ती नव्यावर चालायला नकार देऊ शकते. इमगबर्न हा मोफत प्रोग्रॅम एक्सपीवर उत्तम चालतो आणि व्हिडिओ डीव्हीडीचे फोल्डर त्याला बरोबर समजते; त्याची २०१३ ची २.५.८.० ही आवृत्ती शेवटची आहे. ती बसवताना बरोबरीने इतर काही बसवू का असे विचारले जाते, तिथे नकार द्यावा. जुन्या सीडी रायटरबरोबर आलेले, डिस्कला फ्लॉपीसारखे वापरू देणारे प्रोग्रॅम संगणकात असतील तर नवा रायटर लावण्यापूर्वी ते काढून टाका. त्यांचे उरलेले फिल्टर ड्रायव्हर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) राहिले की डिव्हाइस मॅनेजरमध्ये रायटरवर पिवळे उद्गारचिन्ह आणि कोड ३९ किंवा ३१ दिसतो, आणि माणूस चांगला रायटर परत करायला निघतो. अशा वेळी सीडी-डीव्हीडी वर्गाच्या नोंदीतील अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या दोन ओळी काढाव्या लागतात. रजिस्ट्रीची प्रत ठेवून ते करावे.

हार्ड डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे हेही पाहून ठेवा. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही. मिनीडीव्हीचा एक तास सुमारे १३ जीबी होतो आणि पूर्ण डीव्हीडीची प्रतिमाही या मर्यादेबाहेर जाते. एक्सपीत कन्व्हर्ट ही आज्ञा देऊन फॅट३२ चे एनटीएफएस करता येते. माहिती जात नाही, पण मागे फिरता येत नाही, म्हणून महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी अन्यत्र घ्या. तुमच्या ८० जीबीत विंडोज आणि बाकीचे सामान धरून तीन कॅसेट आणि त्यांचे रूपांतर एका वेळी मावेल, त्याहून अधिक भरू नका. डिस्क गच्च भरली की वाचनाचा वेग घसरतो. कोऱ्या डीव्हीडीवर लिहिलेले ४.७ जीबी हे दशमान पद्धतीचे आहेत. विंडोज त्याला सुमारे ४.३८ जीबी म्हणते. तासाभराच्या चित्रणाला सेकंदाला ८ मेगाबिटचा दर ठेवला तर ते ४ जीबीच्या आत बसते आणि चित्रही चांगले राहते. चित्रण भारतातल्या कॅमेऱ्यावरचे असेल तर पाल ही टीव्हीची पद्धत, ७२० गुणिले ५७६ आणि सेकंदाला २५ चौकटी हेच ठेवावे.

कोऱ्या डिस्कच्या निवडीला रायटरच्या निवडीइतकेच महत्त्व द्या. प्रत्येक रायटरच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) निरनिराळ्या उत्पादकांच्या डिस्कचे संकेतांक आणि प्रत्येकासाठी लेझर कसा चालवायचा याच्या सूचना असतात. जुन्या रायटरला नंतर आलेल्या डिस्कचा संकेतांक ठाऊक नसेल तर तो ढोबळ सूचनेने लिहितो आणि चुका वाढतात. वापरलेला आयडीई रायटर घेतल्यास त्याच्या उत्पादकाचे शेवटचे फर्मवेअर टाकून घ्यावे, मात्र नेमक्या त्याच मॉडेलचे. संगणक कंपनीच्या नावाने विकलेल्या रायटरला मूळ उत्पादकाचे फर्मवेअर बहुधा चालत नाही, आणि चुकीचे टाकले तर रायटर कायमचा निकामी होतो. डिस्क हल्लीच्या उत्पादनातल्या, ओळखीच्या कंपनीच्या घ्या. नोएडाच्या मोझर बेअरच्या डिस्क एके काळी घरोघर असत, पण ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. तिच्या नावाची बंद पुडकी आज मिळाली तरी तो जुना साठा असतो आणि आतला सेंद्रिय रंग तितकाच म्हातारा झालेला असतो.

नातेवाइकांना द्यायच्या प्रती मायनस आर डिस्कवर, ८एक्सने लिहाव्यात. घरोघरच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरना हा प्रकार सर्वांत जास्त पचतो. प्लस आर वापरायची असेल तर रायटरमध्ये तिची ओळख डीव्हीडी-रॉम (कारखान्यातून छापून येणाऱ्या डीव्हीडीसारखी) अशी नोंदवण्याची सोय असावी लागते. पुनर्लेखनाच्या डिस्कचे परावर्तन निम्म्याहून कमी असल्याने जुने प्लेअर त्यांना पुष्कळदा ओळखत नाहीत. त्या फक्त चाचणीसाठी ठेवा. ८.५ जीबीच्या दुपदरी डिस्क महाग आहेत, आणि थर बदलतो त्या जागी जुने प्लेअर अडखळतात. दोन साध्या डिस्क कराव्यात.

पहिली डीव्हीडी तयार झाली की इमगबर्नमधला पडताळणीचा पर्याय चालू ठेवून तिची तपासणी पूर्ण होऊ द्या. त्याच रायटरने वाचलेली डिस्क इतरत्र वाचली जाईल असे मानू नका; लॅपटॉपच्या किंवा शेजारच्यांच्या ड्राइव्हवर सगळ्या फाइली कॉपी करून पाहा, मग टीव्हीच्या प्लेअरवर थेट शेवटच्या दहा मिनिटांवर जा. चित्र तिथे चौकोनी तुकड्यांत फुटत असेल तर तेच चित्रण दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर ४एक्सने लिहून पाहा. दोष डिस्कचा असेल तर तो एवढ्याने जातो. तरीही फुटत असेल तर रायटर बदलून घ्या, आणि तोवर कॅसेटवरचे मूळ चित्रण पुसू नका.